काही लढायाच महायुद्धाचं पारडं का फिरवतात?

चौकस
दुसऱ्या महायुद्धावर काहीही वाचायला घ्या, ठरावीक नावं येतातच. स्टालिनग्राड, मिडवे, एल अलामेन, नॉर्मंडी. "इथे युद्धाला कलाटणी मिळाली" हे वाक्यही ठरलेलं. पण याच लढाया का, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

मृतांचा आकडा हा निकष नक्कीच नाही. मिडवेला जपानचे तीन हजारांच्या आसपास लोक गेले. पूर्व आघाडीवर तेवढी माणसं एकेका दिवसात जात होती. जमीन म्हणाल तर मिडवे हे प्रशांत महासागरातलं इवलंसं बेट, तेही आधीपासून अमेरिकेच्याच ताब्यात. उलट सप्टेंबर १९४१ मध्ये कीवच्या वेढ्यात जर्मनांनी, त्यांच्या हिशेबाने, साडेसहा लाखांवर सोव्हिएत सैनिक पकडले. तरी कीवला कोणी कलाटणी म्हणत नाही.

माझं मत असं की हरणाऱ्याने किती गमावलं यापेक्षा, जे गमावलं ते युद्ध चालू असेपर्यंत त्याला परत उभं करता येतं का, हे बघायला हवं. कीवला पडलेलं खिंडार सोव्हिएत संघाने नव्या डिव्हिजन आणून बुजवलं. मिडवेला बुडालेल्या चार विमानवाहू नौकांची जागा जपानला भरता आली नाही. तुम्हाला काय वाटतं? सविस्तर लिहा, घाई नाही.

दर्यावर्दी
आवडता विषय. मिडवेबद्दल थोडं लांबण लावतो.

४ जून १९४२ ची सकाळ. अमेरिकेची टॉर्पेडो टाकणारी विमानं आधी पोचली आणि कापली गेली. त्यातल्या आठव्या टॉर्पेडो स्क्वाड्रनची पंधराच्या पंधरा विमानं पडली, एकच वैमानिक वाचला. त्याच वेळी एंटरप्राइज नौकेची डाइव्ह बॉम्बर विमानं जपानी ताफा शोधत भरकटली होती, इंधन संपत आलं होतं. त्यांच्या प्रमुखाला, मॅक्लस्कीला, खाली एक जपानी विनाशिका भरधाव जाताना दिसली. ती अराशी. अमेरिकी पाणबुडीच्या मागे लागून मागे राहिलेली, आता ताफा गाठायला निघालेली. मॅक्लस्कीने तिच्या रोखाने विमानं वळवली. दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला यॉर्कटाउन या दुसऱ्या अमेरिकी विमानवाहू नौकेची विमानंही नेमकी तिथेच पोचली आणि पाच-सहा मिनिटांत अकागी, कागा आणि सोर्यू पेटल्या. आतल्या हँगरमध्ये इंधन भरलेली, बॉम्ब-टॉर्पेडो चढवलेली विमानं दाटीने उभी होती. हिर्यू संध्याकाळी गेली.

चौकस, तुमच्या निकषात एक भर घालतो. जपानचे सगळे कसलेले वैमानिक मिडवेला बुडाले असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. विमानदलातले शंभराच्या थोडे वर गेले, बहुतेक वैमानिक वाचले. पण विमानं सांभाळणारे सातशेहून जास्त तंत्रज्ञ हँगरमध्येच जळाले. वैमानिकांची खरी वाताहत त्यानंतर ग्वादलकनाल आणि सॉलोमन बेटांवर झाली, महिन्यांमागून महिने. मग मिडवे ही कलाटणी की तिथून सुरू झालेल्या झिजेची सुरुवात?

निळाई
दर्यावर्दी, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. यॉर्कटाउन तिथे होती हेच मला थक्क करतं. कोरल समुद्रात ८ मे रोजी तिला बॉम्ब लागला होता. दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता, अमेरिकी ताफ्याचा प्रमुख निमित्झने तीन दिवस दिले आणि पर्ल हार्बरच्या गोदीतल्या चौदाशे कामगारांनी रात्रंदिवस खपून तिला समुद्रात सोडलं. मिडवेचं एक पदक त्या वेल्डरांचंही आहे :)

रणगाडा
नौदलाची मंडळी मिडवेच्या पुढे सरकत नाहीत, म्हणून जमिनीवर येतो.

स्टालिनग्राडचा निकाल शहरात लागलाच नाही. शहरात जर्मनांची सहावी आर्मी घराघरासाठी झुंजत होती आणि तिच्या दोन्ही बगला रुमानियन सैन्याने धरल्या होत्या. त्यांच्याकडे रणगाड्यांना थोपवणाऱ्या पुरेशा तोफा नव्हत्या. सोव्हिएत सेनापतींनी शहरात जगण्यापुरतीच कुमक सोडली, बाकी सगळं बगलांसमोर जमवलं. १९ नोव्हेंबर १९४२ ला हल्ला, २३ तारखेला कलाचजवळ चिमटा बंद. अडीच लाखांवर माणसं आत.

आता एक बारकी गोष्ट बघा. हिवाळ्यात चारा लागू नये म्हणून सहाव्या आर्मीने आपले बहुतेक घोडे आधीच मागे, पश्चिमेला पाठवले होते. त्यामुळे वेढा पडला तेव्हा तोफा ओढायला जनावरं नाहीत, ट्रकला इंधन नाही. बाहेर पडायची परवानगी मिळाली असती तरी अवजड तोफा तिथेच सोडाव्या लागल्या असत्या.

जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंगने हवाई रसदीचा शब्द दिला. त्याच वर्षी रशियातल्याच डेम्यान्स्कला अडकलेल्या एक लाखाच्या आसपास जर्मनांना विमानांनी जगवलं होतं, त्याचा तो आत्मविश्वास. इथे दिवसाला किमान तीनशे टन हवे होते, पोचले सरासरी शंभरेक टन. २४ डिसेंबरला सोव्हिएत रणगाडे या रसदीच्या तळावर, तात्सिन्स्कायाच्या धावपट्टीवरच घुसले आणि उभी असलेली वाहतूक विमानं त्यांनी तुडवली. या साऱ्या खटाटोपात जर्मनांची पाचशेच्या आसपास विमानं गेली. त्यांवर उड्डाणशाळांमधून ओढून आणलेले शिक्षकही होते. म्हणजे पुढच्या वर्षीचे वैमानिक घडवणारेच गेले. चौकसच्या निकषात हे चपखल बसतं.

हिशेबनीस
सगळ्यांची माफी मागून वेगळं बोलतो. लढायांनी महायुद्ध फिरतं हेच मला मान्य नाही. युद्धाचा निकाल डिसेंबर १९४१ मध्येच लागला होता. ५ तारखेला मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ला, ७ तारखेला पर्ल हार्बर, ११ तारखेला हिटलरने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. आठवड्याभरात जगातलं बहुतांश तेल, पोलाद आणि माणूसबळ एका बाजूला गोळा झालं.

मिडवे उलटी गेली असती असं धरून चाला. एसेक्स वर्गाच्या १७ विमानवाहू नौका युद्ध संपायच्या आत अमेरिकी ताफ्यात दाखल झाल्या. त्यातल्या बहुतेक मिडवेच्या आधीच मागवलेल्या होत्या. जर्मनी सहा लाखांवर घोडे घेऊन रशियात शिरला. अमेरिकेने रशियाला चार लाखांवर ट्रक आणि जीप नुसत्या मदत म्हणून दिल्या. ज्या लढाया आपण आज चवीने वाचतो त्यांनी निकालाची तारीख पुढेमागे केली असेल, निकाल नाही.

रणगाडा
हिशेबनीस, मग फ्रान्सचं काय? मे १९४० मध्ये दोस्तांकडे जर्मनांपेक्षा रणगाडे जास्त होते, तोफाही जास्त होत्या. सहा आठवड्यांत फ्रान्स संपला. आकडे कागदावर राहिले, कारण सेडानजवळ म्यूज नदी ओलांडली गेली तेव्हा फ्रेंचांकडे मोक्याच्या जागी राखीव सैन्य नव्हतं आणि निर्णय घ्यायला वेळही उरला नव्हता. कारखान्याचा माल रणांगणावर पोचेपर्यंत देश टिकला पाहिजे. तो टिकवायचं काम लढायाच करतात.

हिशेबनीस
फ्रान्सचा मुद्दा बिनतोड आहे. पण फ्रान्सच्या मागे सरकायला जागा नव्हती. रशियाकडे ती होती, ब्रिटनपुढे खाडी होती, अमेरिकेपुढे दोन महासागर. जागा म्हणजे वेळ. १९४१ मध्ये पंधराशेवर कारखाने उचलून पूर्वेला नेता आले ते या जागेमुळेच.

सांजवात
एक साधा प्रश्न, मी या विषयात नवीन आहे. मॉस्को १९४१ आणि स्टालिनग्राड १९४२, दोन्हीकडे जर्मन मागे रेटले गेले. मग मॉस्कोला कलाटणी का म्हणत नाहीत?

रणगाडा
सांजवात, प्रश्न अजिबात साधा नाही. बरेच अभ्यासक मॉस्कोलाच कलाटणी मानतात. मी जर्मनांच्या चढाईची रुंदी बघतो. १९४१ च्या उन्हाळ्यात ते बाल्टिकपासून काळ्या समुद्रापर्यंत अख्ख्या आघाडीवर चालून आले. १९४२ ला फक्त दक्षिणेत, कॉकेशसच्या तेलासाठी. १९४३ ला फक्त कुर्स्कच्या फुगवट्यावर, तेही थोड्याच दिवसांत थांबवावं लागलं. त्यानंतर पूर्वेला युद्धाचा नकाशा बदलेल अशी चढाई त्यांना जमलीच नाही. मॉस्कोनंतर सगळीकडे चढाई करायची ताकद गेली, स्टालिनग्राडनंतर एका भागात जिंकायची गेली, कुर्स्कनंतर पुढाकार घ्यायचीच गेली. कलाटणी एका दिवसाची नव्हती. तीन टप्प्यांत आली.

मेघना
इतका वेळ नुसती वाचत होते. सगळे सैन्य आणि सामान मोजताय, पण लढाई 'कलाटणी' ठरायला ती लोकांना कळावी लागते, हे कोणी बोललं नाही.

मिडवेचा पराभव जपानी नौदलाने लपवला. जनतेला विजयाची बातमी दिली गेली. जखमी खलाशी परतले तेव्हा त्यांना इतरांपासून वेगळं ठेवलं, बोलू दिलं नाही. त्यामुळे जपानमध्ये जून १९४२ नंतर काहीच हललं नाही. स्टालिनग्राडचं उलट झालं. ३ फेब्रुवारी १९४३ ला जर्मन रेडिओने सहाव्या आर्मीचा शेवट जाहीर केला, दुखवटा पाळला गेला, नाट्यगृहं बंद राहिली. दोन आठवड्यांत प्रचारमंत्री गोबेल्सने 'संपूर्ण युद्धा'चं भाषण ठोकलं. आणि मुख्य म्हणजे रुमानिया, हंगेरी, फिनलंड या जर्मनीच्या सोबत्यांनी त्यानंतर बाहेर पडायच्या वाटा चाचपायला सुरुवात केली. जर्मनीचं सामान किती गेलं याचा हिशेब बुखारेस्टला बसून कोणी करत नव्हतं. जर्मनी हरू शकतो हे त्यांना दिसलं होतं, तेवढं पुरे होतं.

म्हणून मला वाटतं, जगभर पसरलेल्या युद्धात कलाटणी देणारी लढाई तीच, जिचा परिणाम मुख्य शत्रूंपलीकडच्या देशांच्याही निर्णयांवर होतो.

चौकस
मेघना, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण मग मिडवेला काय म्हणायचं? तिचा परिणाम तर झाकला गेला.

मेघना
जपानपासून झाकला गेला, अमेरिकेपासून नाही. मिडवेनंतर दोनच महिन्यांत, ७ ऑगस्टला, अमेरिकी मरीन ग्वादलकनालवर उतरले. इतक्या लवकर चढाई करायचं धाडस त्यांना मिडवेशिवाय झालं नसतं. दर्यावर्दींनी विचारलं होतं ना, कलाटणी की झिजेची सुरुवात? माझ्या मते मिडवेमुळे झीज कुठे होणार हे अमेरिकेला ठरवता आलं.

भटक्या
अवांतर होईल, पण आपल्या नागालँडमधल्या कोहिमाचं नाव अजून कोणीच घेतलं नाही याचं वाईट वाटलं. तिथली युद्धस्मशानभूमी मी पाहिली आहे. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट जिथे होतं तिथे त्याच्या पांढऱ्या रेषा आजही काँक्रीटमध्ये जपल्या आहेत. एप्रिल १९४४ मध्ये त्या कोर्टाच्या एका कडेला ब्रिटिश-भारतीय सैनिक आणि दुसऱ्या कडेला जपानी होते. हातबॉम्ब फेकायला धावावंही लागत नव्हतं. चालत मोजलं तर अंतर इतकं कमी की अंगावर काटा येतो.

जपानी सेनापती मुतागुचीचं सैन्य ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून आलं ते सुमारे तीन आठवड्यांचा शिधा घेऊन. बाकी इंफाळच्या कोठारांतून मिळेल असा हिशेब. खाण्यासाठी हाकत आणलेली बरीचशी गुरं वाटेतच मेली. इंफाळ पडलं नाही, कारण विमानांनी रसद येत राहिली. पाचवी भारतीय डिव्हिजन तर आराकानहून तोफा आणि खेचरांसकट विमानाने आणली. शेवटी कोहिमासमोरच्या जपानी सेनापती सातोने वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली, कारण त्याच्या माणसांना खायला काही उरलं नव्हतं. जपानी सैन्याचा जमिनीवरचा तोवरचा हा सगळ्यांत मोठा पराभव.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. संगशाकला जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत मराठा पलटणीची चौथी बटालियन होती, आणि इंफाळच्या रोखाने जपान्यांसोबत आझाद हिंद सेनाही येत होती. दोन्ही बाजूंना आपली माणसं. तरी हे नाव कलाटण्यांच्या यादीत नसतं.

हिशेबनीस
भटक्या, वर्णन फार आवडलं. पण जागतिक युद्धाच्या हिशेबात कोहिमाला मी कलाटणी म्हणणार नाही. ब्रह्मदेशाची आघाडी तिने फिरवली, निःसंशय. पण जून १९४४ मध्ये फिलिपिन्सच्या समुद्रात जपानच्या आणखी तीन विमानवाहू नौका बुडाल्या, शेकडो विमानं पडली. इंफाळ घेतलं असतं तरी जपानला ते कुठे घेऊन जाणार होतं? त्याच वर्षी चीनमध्ये त्यांनी इचि-गो मोहिमेत पाच लाखांच्या आसपास सैन्य उतरवलं, प्रचंड मुलूख घेतला. युद्धाच्या निकालात तसूभर फरक पडला नाही.

भटक्या
निकालाबद्दल तुमचं पटतं. पण ब्रह्मदेश कोण सोडवणार, चीनला जाणारा रस्ता उघडणार का, हे कोहिमा-इंफाळने ठरवलं. एका महायुद्धात अनेक युद्धं असतात आणि प्रत्येकाची कलाटणी वेगळी असू शकते. यादी लंडन-वॉशिंग्टन-मॉस्कोने केली म्हणून आपण ती तशीच का घ्यायची?

मेघना
+१. बाग्रातिओनचंही तेच. २२ जून १९४४ ला सुरू झालेल्या या सोव्हिएत मोहिमेत जर्मनांचा अख्खा मध्य आर्मी ग्रुप मोडला. तेव्हा आपल्याकडची पुस्तकं नॉर्मंडीतच अडकलेली असतात.

बखरवाला
जगभर पसरलेलं युद्ध म्हणजे फक्त विसावं शतक नव्हे. १७५६ ते १७६३ चं सप्तवार्षिक युद्ध युरोप, अमेरिका, कॅरिबियन, आफ्रिका आणि भारत इतक्या ठिकाणी लढलं गेलं. चौकसच्या निकषाची खरी परीक्षा तिथे होते.

सप्टेंबर १७५९ मध्ये इंग्रजांनी क्वेबेक जिंकलं. ही लढाई शाळेतही शिकवतात. पण पुढच्या वसंतात काय झालं ते कोणी सांगत नाही. एप्रिल १७६० मध्ये फ्रेंचांनी क्वेबेकच्या वेशीवर इंग्रजांना हरवलं आणि शहराला वेढा घातला. दोन्ही बाजू नदीकडे डोळे लावून बसल्या: बर्फ वितळल्यावर पहिलं जहाज कोणाचं येतं? मे महिन्यात आलं ते इंग्रजांचं. फ्रेंचांनी वेढा उठवला, कॅनडा गेला.

जहाज इंग्रजांचंच का आलं? कारण नोव्हेंबर १७५९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ किबेरॉनच्या उपसागरात, ऐन वादळात, इंग्रज नौसेनानी हॉकने फ्रेंच आरमाराचा कणा मोडला होता. त्यानंतर फ्रान्सला ना कॅनडात कुमक धाडता आली, ना भारतात. इथे तमिळ मुलखात वांदिवाशला जानेवारी १७६० मध्ये फ्रेंच सेनापती लाली हरला आणि वर्षभराने पाँडिचेरी शरण आलं. ते कधी? पानिपत झालं त्याच आठवड्यात, जानेवारी १७६१. आपण पानिपतावर इतकं बोलतो, आणि मराठे दहा वर्षांत दिल्लीत परतले. पाँडिचेरीत गेलेली सत्ता फ्रेंचांना भारतात पुन्हा उभी करता आली नाही. त्या आठवड्यातली मोठी कलाटणी कोणती, हे ठरवायला मला तरी वेळ लागत नाही.

सांजवात
बखरवाला, पाँडिचेरी आणि पानिपत एकाच आठवड्यात! हे कधीच वाचलं नव्हतं. यावर वेगळा धागा काढाच.

दर्यावर्दी
किबेरॉनवरून अटलांटिक आठवला. त्याला नावाजलेला असा एक दिवसच नाही, म्हणून तो याद्यांतून निसटतो. मार्च १९४३ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी एकमेकांना लागून असलेल्या दोन काफिल्यांतली २२ जहाजं बुडवली. मे महिन्यात त्यांच्याच चाळीसहून जास्त पाणबुड्या बुडाल्या, त्यातल्या एकीवर जर्मन नौदलाचा प्रमुख डोनिट्झचा मुलगा होता. २४ मे रोजी डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून त्या मागे बोलावल्या. दोन महिन्यांत इतका फरक, कारण लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, पाणबुडीला न कळणारं नवं रडार आणि काफिल्यांना जोडून फिरणारे मदतीचे ताफे एकाच वेळी पुरेसे झाले. नॉर्मंडीला उतरलेलं अमेरिकी सैन्य याच पाण्यावरून ब्रिटनला पोचलं.

हिशेबनीस, तुमचे सगळे ट्रकही जहाजातूनच गेले ना? म्हणजे कारखाना आणि रणांगण वेगळं काढताच येत नाही.

हिशेबनीस
हे मात्र मान्य करावंच लागेल. समुद्र गेला असता तर माझे आकडे गोदीतच गंजले असते.

चौकस
सगळे प्रतिसाद नीट वाचले. माझ्या निकषात आता दोन गोष्टी वाढवतो. भरून न येणारं नुकसान हवंच, पण त्या नुकसानीचा फायदा घ्यायला समोरचा तयारही हवा. मॉस्कोसमोर जर्मन खचले होते, पण त्यांना मोडून काढायला लागणारं सैन्य १९४२ च्या सुरुवातीला सोव्हिएत संघाकडे नव्हतं. वर्षभराने होतं. आणि मेघना म्हणतात तसं, तिसऱ्यांनी आपलं वजन कुठे टाकायचं हेही त्या लढाईने बदललं पाहिजे. भटक्या आणि हिशेबनीस यांच्या वादात मी भटक्याच्या बाजूने आहे: आधी कुठल्या युद्धाबद्दल बोलतोय ते ठरवायचं, मग कलाटणी शोधायची.

दर्यावर्दी
मग ही एक तपासा. ऑगस्ट १९४२, पेडेस्टल काफिला. भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिशांच्या माल्टा बेटासाठी १४ मालवाहू जहाजं निघाली, ५ पोचली. ईगल ही विमानवाहू नौका बुडाली, क्रूझरही गेल्या. लढाई म्हणून बघाल तर ब्रिटिशांचा सरळ पराभव. पण पोचलेल्या पाचांत ओहायो हे तेलाचं जहाज होतं, खिळखिळं झालेलं, दोन बाजूंना विनाशिका बांधून तरंगत ठेवलेलं. त्या तेलावर माल्टा टिकलं आणि तिथल्या विमानांनी, पाणबुड्यांनी उत्तर आफ्रिकेतला जर्मन सेनापती रोमेलची इंधनाची जहाजं बुडवणं चालू ठेवलं. अलामेनच्या लढाईत त्याचे रणगाडे इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब करत होते. हरलेली लढाई कलाटणी ठरू शकते का?

रणगाडा
ठरते. पाच जहाजं पोचवणं हेच काम होतं, ते झालं. अलामेनची लढाई २३ ऑक्टोबरला सुरू झाली, पण रोमेलला चलाखीने सैन्य फिरवता येणार नाही हे त्याआधीच समुद्रात ठरलं होतं. अलामेनवरच्या कुठल्याही चर्चेत मी तरी यापुढे ओहायोपासून सुरुवात करेन.